तात्यांनी सोडवलेले काटे

कराडच्या आमच्या कॉलेजात, भूशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात काचेचं एक कपाट आहे. दारावर 'जीवाश्म' अशी पाटी आणि आत सगळं प्लास्टर. कुठल्यातरी खऱ्या जीवाश्मांवरून साचे घेऊन ओतलेल्या आणि वरून तपकिरी रंग फासलेल्या प्रतिकृती. माझी अख्खी नोकरी त्या कपाटासमोर उभं राहून बोलण्यात गेली. हा बघा ट्रायलोबाइट, समुद्राच्या तळाशी सरपटणारा जीव, डायनासोर जन्माला यायच्या कितीतरी आधीचा, असं मी तळमळून सांगायचे आणि मुलांना दिसायची झिजलेल्या चपलेसारखी एक गुळगुळीत वस्तू. एका मुलीनं तर विचारलं होतं, "मॅडम, हे साबणाचं आहे का?" वर्ग हसला. मला हसू आलं नाही. मी तिला बरंच काही बोलले, आणि मग दिवसभर मलाच वाटत राहिलं की पोरीचं काय चुकलं.

मुलांचा दोष नव्हताच. आपल्याकडे सगळा काळा दगड. आगाशिवच्या डोंगरावर हातोडी मारा नाहीतर आमच्या मलकापुरातल्या घरामागच्या खाणीत मारा, निघणार तो थंड झालेला लाव्हा. त्यात समुद्रातला किडा कुठून सापडणार? दर वर्षी मी मुलांना सहलीला न्यायचे आणि दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, मॅडम, जीवाश्म कधी दाखवणार? मी म्हणायचे, परीक्षेत पास व्हा आधी.

असं असताना दोन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आखातात तेलाच्या विहिरींवर नोकरी करतो. सुट्टीत मोरोक्कोला फिरायला गेला होता, आणि तिथल्या वाळवंटी डोंगराच्या पायथ्याशी दगड विकणारे बसतात, त्यांच्याकडून माझ्यासाठी एक दगड घेऊन आला होता. पायमोज्यात गुंडाळलेला. विटेच्या तुकड्याएवढा, करड्या रंगाचा, मधोमध फुटून दोन भाग झालेला. त्यानं ते दोन भाग माझ्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगायचा ना, तयार केलेला घेऊ नका, त्यात निम्मा डिंक असतो. म्हणून कच्चा आणला."

मी भिंग घेतलं आणि फुटीवर धरलं. दगडाच्या कडेला एक काळी बारीक वळणदार रेष होती. ती पाठ. आणि पाठीच्या वर, दगडात, एका ओळीत छोट्या छोट्या काळ्या कड्या दिसत होत्या, प्रत्येकीच्या आत पांढरा ठिपका. ते काटे होते. फुटीत आडवे कापले गेलेले. ट्रायलोबाइटचा काटा आतून पोकळ असतो. त्या पोकळीत नंतर पांढरं खनिज साचतं. म्हणजे दगडाच्या आत एक काटेरी ट्रायलोबाइट जसाच्या तसा उभा होता, पाठीवरचे काटे न मोडता. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच पाणी प्यायले. वयाला न शोभणारा आनंद झाला होता, तो त्या पोराला दिसू नये म्हणून.

असं टिकणं किती दुर्मीळ ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हे जीव वाढताना कात टाकायचे. आपल्याला सापडतात ते बहुतेक टाकलेल्या कातीचे तुकडे. मेलेला जीव जरी असला तरी प्रवाह त्याला लोळवतो, दुसरे जीव कुरतडतात, सांधे सुटतात. काट्यांचं तर नावच नको. सुईएवढे बारीक, सगळ्यात आधी तेच जातात. ते टिकायचे तर एकच मार्ग. समुद्रात वादळ व्हावं, चिखलाचा लोट यावा आणि जीव जिथे आहे तिथेच, उभ्या काट्यांनिशी, एका झटक्यात गाडला जावा. काट्याकाट्यामधे गाळ भरावा आणि कुजायलाही वेळ मिळू नये. त्या जिवाच्या दृष्टीनं हे भयंकरच. आपल्यासाठी मात्र तो राहतो. पुढे त्या गाळाचा इतका घट्ट दगड होतो की काट्यांना धक्का न लावता तो कोरून काढणं महिनोन् महिन्यांचं काम असतं. परदेशात ते सूक्ष्मदर्शकाखाली, हवेच्या दाबावर चालणाऱ्या बारीक हत्यारांनी करतात.

हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं म्हटल्यावर मला तात्या आठवले.

तात्या म्हणजे माझे वडील. मूळचे जतकडचे, घरी मेंढरं. तरुणपणी सांगलीला आले ते फौंड्रीत लागले, फेटलिंगला. वाळूच्या साच्याचे दोन भाग एकमेकांवर ठेवून त्यात लोखंडाचा रस ओततात, तेव्हा सांध्यातून थोडा रस बाहेर येतो आणि ओतलेल्या जॉबला, म्हणजे त्या भागाला, पातळ पाती, टोकं, मिशा फुटतात. त्याला बर म्हणतात. ती बर काढून जॉब साफ करायचा, हे फेटलिंग. तात्यांनी जन्मभर हेच केलं. आधी दुसऱ्याकडे, मग कुपवाडला स्वतःच्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्यांची तपासायची पद्धत एकच, उजव्या हाताचा अंगठा. जॉब हातात घ्यायचे, डोळे दुसरीकडेच, आणि अंगठा कडेकडेनं फिरवायचे. कुठे टोचलं की जॉब परत. शेडमधे कुणी नवीन लागला की पहिल्या दिवशी त्याला एकच धडा मिळायचा. "बर दिसली की काढायची. इचारायचं न्हाई."

हा धडा सगळ्यात जास्त मिळाला तो माझ्या धाकट्या भावाला. मी शिकले, कराडला नोकरीला लागले, गल्लीत तात्या माझं कौतुक सांगत फिरायचे. तो शाळा संपल्यावर शेडमधे गेला, आणि त्याच्या वाट्याला अंगठा आला. हात त्याचा उत्तम होता. तात्यांइतकाच म्हणाना. पण त्याचा जॉब हातात घेतला की तात्या कुठेतरी थांबणारच. आणि काहीच सापडलं नाही तर म्हणायचे, "चालंल." तेवढंच. 'चांगलं' हा शब्द त्यांनी त्याच्यासाठी कधी वापरला नाही. एकदा पंपांच्या भागांचा मोठा लॉट त्यानं एकट्यानं उरकला होता, तात्यांनी सगळा तपासला, एकही जॉब परत गेला नाही. भाऊ शेजारी उभा राहून वाट बघत होता, चाळिशीतला माणूस, दोन पोरांचा बाप. तात्या म्हणाले, "चालंल. पुढचं घे." मला तेव्हा त्याची फार दया आली आणि तात्यांचा राग आला. बोलले मात्र काही नाही. तात्यांना बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

असो. दगड घेऊन मी एसटीनं सांगली गाठली. तात्या तोवर शेडमधून निवृत्त झाले होते. म्हणजे रोज जायचे, पण करत काही नव्हते, आणि त्यामुळे सगळ्यांना सळो की पळो करून सोडत होते. मी फूट दाखवली, भिंग दिलं, काटे दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले.

"ह्यो किडा हाय?"

"व्हय. समुद्रातला."

"आणि हे बाहेर आलेलं काढायचं न्हाई?"

"ते काढायचं नाही तात्या. त्याच्या भोवतीचा दगड काढायचा. हे राहू द्यायचं."

त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना डोक्यावर उभं राहायला सांगितलंय. मग म्हणाले, "बगू."

दोन भाग आधी नीट जुळवून चिकटवून घेतले. त्या पावसाळ्यात मी दर रविवारी कुपवाडला जायचे. शेड बंद असायची, भाऊ त्या दिवशी घरी. तात्यांनी जॉबवर नंबर कोरायचं हवेचं पेन घेतलं, त्याला स्वतः घासून बारीक टोक केलं. नाजूक कामाला मिरजेच्या एका दात बनवणाऱ्याकडून वाळूचा झोत मारायची जुनी ब्लास्टिंगची पेटी आणली. तिच्यात वाळू घालायची तर वाळूनं काटेही गेले असते, म्हणून मी वाचून सांगितलं की खायचा सोडा घाला. आईनं कपाळाला हात लावला. "आता भजी करायची म्हटली तरी शेडमधनं सोडा आणावा लागंल."

पहिला काटा मोडला. तात्यांच्या हाताला जोर लावायची सवय, आणि हा दगड लोखंडासारखा दम धरत नाही. ते इतके ओशाळले की पेन बंद करून बाहेर जाऊन बसले. मी तुकडा चिमट्यानं धरून चिकटवला. पुढच्या रविवारी आले तर ते एका रद्दी दगडावर सराव करत बसलेले. कडेला चुन्याच्या दगडाचे तुकडे पडलेले, सगळे कोरलेले. आठवडाभर तेच चाललं होतं म्हणे.

मग काटे सुटायला लागले. एक, दुसरा, मग पाठीवरची ओळ. तात्या सोड्याचा बारीक झोत मारायचे आणि मी ब्रशनं झाडायचे. डोकं मोकळं झालं तेव्हा डोळे निघाले, दोन्ही बाजूंना उंच, त्यांच्यावर बारीक बारीक भिंगांच्या ओळी. मी सांगितलं की ही भिंगं खरोखर दगडी असतात, काट्यांत साचतं त्याच पांढऱ्या खनिजाची. जिवंतपणीच. तात्यांना हे पटेना. "दगडाच्या डोळ्यानं बगायचा?" म्हणाले आणि पुन्हा झोत मारायला लागले. नंतर त्याच्याशीच बोलायला लागले. "एवढं काटं कशाला रं तुला, गड्या?"

मी म्हटलं, "कुणी गिळू नये म्हणून असतील. नक्की कुणालाच माहीत नाही."

"आमच्याकडं बी हाय एक काटंवाला," आई डबा उघडत म्हणाली. "त्याला कोण गिळतंय?" तात्या हसले. तात्यांना हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

एक गोष्ट मला खटकायची. रविवारी संध्याकाळी तात्या दगड फडक्यात गुंडाळून त्यांच्या खणात ठेवायचे आणि भावाला काही दाखवायचे नाहीत. त्यानं एकदा विचारलं होतं, तात्या, बघू की. "अर्धा जॉब बगायचा नसतोय," असं उत्तर मिळालं. हा त्यांचा जुनाच नियम. अर्धवट जॉब ना गिऱ्हाइकाला दाखवायचा ना घरच्याला. भावाला एवढंच ठाऊक होतं की तात्या आक्कासाठी दगडातून कसला तरी किडा काढतायत आणि त्यात त्यांचा जीव अडकलाय.

जीव अडकला होता हे खरंच. गणपती झाले तसे त्यांनी मला विचारलं, कपाट केवढं आहे, काच जाड आहे ना, पोरं हात लावतील का. मी म्हटलं, कुलूप लावते. "मी येतो ठेवाया," ते म्हणाले. "जलमभर मी काढलं. लोकाच्या जॉबावरची टोकं काढली. हे एक ठेवल्यालं पोरांनी बगू दे." एवढंच ते बोलले. पण पुढच्या रविवारी आईनं सांगितलं की त्यांनी कराडला जायचं म्हणून नवीन पांढरा सदरा शिवायला टाकलाय.

त्याच सुमाराला त्यांचा हात कापायला लागला. सुरुवातीला मला वाटलं, थकले असतील. मिरजेला दाखवलं, डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, वाढेल. शेवटचे दोन रविवार ते हत्याराला शिवलेच नाहीत. काम थोडंच राहिलं होतं. काट्यांच्या बुडाशी दगडाचे बारीक पदर चिकटलेले होते, मधल्या दोन काट्यांच्या मध्ये दगडाचा एक आधाराचा पडदा मुद्दाम ठेवलेला होता, तो सगळ्यात शेवटी काढायचा होता. त्यामुळे दगड ओबडधोबड दिसायचा, सगळीकडून टोकं आलेली. "दसऱ्याच्या आत व्हाया पायजे," असं ते घरात सगळ्यांसमोर म्हणाले आणि हात मांडीखाली दाबून बसले. भाऊ तिथेच जेवत होता. त्यानं मान वर करून त्यांच्या हाताकडे बघितलं होतं, ते मला आजही दिसतं.

खंडेनवमीला कुपवाडच्या सगळ्या शेडांत हत्यारांची पूजा असते. आदल्या दिवशी यंत्रं डिझेलनं पुसतात, फरशी धुतात, पान्यापासून ग्राइंडरपर्यंत सगळं चकचकीत करून टेबलावर मांडतात. आणि आमच्या शेडमधे तात्यांनीच घालून दिलेला रिवाज, की त्या दिवशी टेबलावर अर्धा जॉब राहता कामा नये. जे हातात आहे ते पुरं करूनच पूजेला बसायचं.

मी सकाळी झेंडूची फुलं घेऊन पोचले. तात्या आणि आई रिक्षातून उतरतच होते, आम्ही बरोबरच आत गेलो. टेबलावर लाल कापड, त्यावर हत्यारं, हळदीकुंकू, नारळ. आणि मधोमध, सगळ्यात मानाच्या जागी, तो दगड. घासूनपुसून, तेलाचा हात फिरवून ठेवलेला. पाठ अगदी गुळगुळीत.

एकही काटा नव्हता.

काय झालं ते मला एका क्षणात कळलं. भावानं आदल्या दिवशी तात्यांचा खण साफ करायला काढला होता. त्याला दगड सापडला. किडा दिसत होता, डोळे दिसत होते, आणि सगळीकडे टोकं आणि पातळ पदर. तात्यांचा हात चालत नाही, दसऱ्याच्या आत व्हायला पाहिजे असं ते म्हणाले होते, आणि अर्धा जॉब पूजेला चालत नाही. त्यानं बारीक टोकाचा पेन्सिल ग्राइंडर घेतला आणि बापाचं राहिलेलं काम बापानं शिकवलं होतं तसं पुरं केलं. कुणाला न विचारता.

तो टेबलाच्या पलीकडे उभा होता. हात मागे बांधलेले, पुन्हा तसाच वाट बघत.

मी तोंड उघडलं. मला इतका संताप आला होता की मी त्याला सगळ्या कामगारांसमोर वाट्टेल ते बोलले असते. तेवढ्यात तात्यांनी दगड उचलला. डोळे दाराकडे, आणि अंगठा डोक्यापासून शेपटीपर्यंत फिरवला. जिथे जिथे काटा होता तिथे अंगठा किंचित रेंगाळला. मग दुसऱ्यांदा फिरवला. बाहेर कुणीतरी मोटरसायकलला हार घालत होतं, त्याचं बोलणं ऐकू येत होतं.

तात्यांनी दगड लाल कापडावर परत ठेवला आणि भावाला म्हणाले, "चांगलं केलंस."

भावानं मान खाली घातली. मला वाटलं, इतक्या वर्षांनी कौतुक ऐकून लाजला. आईनं नारळ पुढे केला आणि पूजा सुरू झाली.

संध्याकाळी तात्या मला स्टँडवर सोडायला आले. एरवी कधी येत नसत. मी रिक्षात बसल्यापासून बडबडत होते. असं कसं केलं त्यानं, विचारायचं तरी, एवढ्या कोटी वर्षांत जे मोडलं नाही ते, वगैरे. तात्या ऐकत राहिले. स्टँडवर बाकावर बसल्यावर म्हणाले, "त्याला काय बोलायचं न्हाई."

"का नाही?"

"इचारायचं न्हाई म्हणून कुणी शिकवलंय? त्यानं माझं ऐकलं. तुझा दगड गेला त्याचं मला लय वाईट वाटतंय, बाई. पण त्याला बोलायचं न्हाई. आईची शपथ घे."

मी शपथ घेतली नाही, पण बोललेही नाही. एसटी लागली. खिडकीतून बघितलं तर ते तिथेच बाकावर बसलेले, कापणारा हात दुसऱ्या हातात धरून. मला उतरून परत जावंसं वाटलं होतं. गाडी सुटली.

तो दगड मी कॉलेजात नेऊ म्हणाले तर तात्यांनी नको म्हटलं. शेडमधेच राहू दे म्हणाले. पांढरा सदरा शिवून आला, तो ते दिवाळीला आणि मग एका लग्नाला घालून गेले. त्या विद्यार्थ्याचा आखातातून फोन आला, मॅडम, झाला का तयार? मी सांगितलं, झाला. दुसरा आणू का म्हणाला. मी नको म्हटलं. कोरणार कोण होतं? माझ्याकडे काटे उभे असतानाचा एकच फोटो आहे, मोबाइलवर घाईत काढलेला, त्यात निम्मा तात्यांचा अंगठाच आलाय. नीट फोटो पूर्ण झाल्यावर काढू असं ठरलं होतं. अर्ध्या जॉबचा फोटो काढायला तात्यांचा विरोध होता.

पुढच्या उन्हाळ्यात तात्या गेले. फार त्रास झाला नाही, सगळे म्हणतात तसं. मला मात्र त्रास झाला, आणि अजून होतो. त्या दगडासाठी कपाटातली एक जागा मी मोकळी करून ठेवली होती. प्लास्टरची चप्पल परत तिथे ठेवताना मी प्रयोगशाळेत एकटीच होते आणि मला मोठ्यानं रडू आलं. कोट्यवधी वर्षांच्या किड्यासाठी रडत होते की बापासाठी, ते मला वेगळं करता आलं नाही.

यंदाच्या खंडेनवमीला मी पुन्हा झेंडूची फुलं घेऊन गेले. तात्यांचा फोटो भिंतीवर, टेबलावर लाल कापड आणि मधोमध तोच दगड. भावानं सगळ्या हत्यारांना हळदीकुंकू लावलं, दगडालाही लावलं. कामगार प्रसाद घेऊन बाहेर गेले. आई तात्यांच्या फोटोपुढे बसली होती. तो एक खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला आणि दगड हातात घेऊन म्हणाला, "आक्का, हे काटं हुतं न्हवं?"

मी हातातला प्रसाद खाली ठेवला.

त्यानं खिशातला छोटा टॉर्च काढला आणि पाठीवर तिरका धरला. तेलानं चमकणाऱ्या दगडावर, ओळीनं, बारीक काळ्या कड्या दिसल्या. प्रत्येकीच्या आत पांढरा ठिपका. मी ज्या फुटीवर पहिल्या दिवशी पाहिल्या होत्या, तशाच.

"बर कवा पोकळ नसती," तो म्हणाला. "शेवटचं टोक काढलं, फडकं मारलं, आन् ह्या खुणा दिसल्या. तवाच हात गार पडला. हे उगवल्यालं हाय, सांडल्यालं न्हाई. पर तवर सगळं झालं हुतं."

"म्हणजे तुला त्याच दिवशी कळलं?"

"आदल्या दिशी. रातभर डोळा लागला न्हाई. सकाळी तात्या आलं की पाय धरून सांगायचं म्हणून हुबा हुतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

त्यानं टॉर्च बंद केला.

"सांगणारच हुतो. तर त्यांनी अंगठा फिरवला, आन् चांगलं केलंस म्हणाले." त्यानं टॉर्च खिशात ठेवला. "जलमात पैल्यांदा म्हणाले, आक्का. जॉब पार वाया घालवला तवा. मग कसं सांगणार?"

त्यानं दगड माझ्या हातात दिला आणि बाहेर कामगारांना चहा सांगायला गेला. मी तो मांडीवर घेतला. डोळे दाराकडे ठेवले आणि अंगठा डोक्यापासून शेपटीपर्यंत फिरवला. काम खरंच चोख होतं. कुठंच काही टोचलं नाही.